जुनी खेळणी ऑनलाइन विकायची आहेत? फोटो आणि माहिती कशी टाकायची ते सगळं सांगतो

परवा ओळखीतल्या एका मुलानं मला फोटो पाठवला आणि विचारलं, दादा याचे किती येतील. फोटो एकच. फुलाफुलांच्या चादरीवर ठेवलेली एक गुलाबी छोटी गाडी, वरून फ्लॅश मारलेला, त्यामुळे टपावर पांढरा भक्क डाग आणि चाकं सगळी अंधारात. नीट बघितल्यावर कळलं की ही मॅचबॉक्सची लोटस युरोपा आहे, सुपरफास्ट मालिकेतली ५ नंबरची. मी म्हटलं उलटी करून फोटो काढ, दारं उघडून काढ, चाकांचा जवळून काढ, आणि याचा बॉक्स आहे का? तर बॉक्स होता! माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होता, त्याला वाटलं रिकाम्या खोक्याचा फोटो कशाला काढायचा. जुन्या गाड्यांमध्ये कधीकधी बॉक्सलाच गाडीएवढे पैसे मिळतात, आणि हा मुलगा तो बॉक्स दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत टाकणार होता.

म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून काढू. मी बरीच वर्षं छोट्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या गाड्या घेतोय आणि विकतोय, मधूनमधून जी.आय. जो आणि ही-मॅनचे जुने पुतळे पण. खाली जे लिहिलंय ते या दोन प्रकारांबद्दल आहे, पण बाकी खेळण्यांना पण बरंचसं लागू होईल.

आधी वस्तू ओळखा, मग कॅमेरा काढा

गाडी हातात घ्या आणि उलटी करा. बेसवर जे जे कोरलंय ते सगळं एका कागदावर उतरवून घ्या, अक्षर न अक्षर. कंपनीचं नाव, गाडीचं नाव, नंबर, देश, साल. वाचता येत नसेल तर मोबाईलचा टॉर्च बाजूनं आडवा धरा, अक्षरं लगेच वर येतात.

इथे नवीन माणूस हमखास फसतो ते सालामध्ये. हॉट व्हील्सच्या बेसवर जे साल असतं ते बहुतेक वेळा त्या साच्याच्या कॉपीराइटचं असतं, गाडी त्या वर्षी बनली असा त्याचा अर्थ नाही. ट्विन मिल नावाची गाडी पहिल्यांदा १९६९ साली आली आणि नंतर कित्येक वर्षं तीच गाडी वेगवेगळ्या रंगात येत राहिली, तर कालपरवाच्या गाडीच्या खाली १९६९ वाचून लोक "५० वर्षं जुनी अँटिक" असं टाकून मोकळे होतात आणि मग जाणकार माणूस पुढचं वाचतच नाही. खरं वर्ष शोधायचं तर अलीकडच्या गाड्यांच्या बेसवर एक छोटा शिक्का असतो, एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे. अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडे म्हणजे त्या वर्षाचा आठवडा. एल म्हणजे २०१८, एम म्हणजे २०१९, एन म्हणजे २०२०. आणि खरोखर जुनी हॉट व्हील्स असेल, म्हणजे १९६८ ते १९७७ मधली, तर टायरवर लाल रेघ बघा, त्या गाड्यांना रेडलाइनच म्हणतात. ती रेघ किती शाबूत आहे, कुठे पुसली गेलीय, हे फोटोत दिसलंच पाहिजे कारण घेणारा सगळ्यात आधी तिथेच झूम करतो.

मॅचबॉक्सच्या खाली "लेस्नी" आणि "इंग्लंड" असेल तर चांगली गोष्ट आहे. लेस्नी ही लंडनची कंपनी, १९४७ साली लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी काढली, दोघांच्या नावातले तुकडे जोडून लेस्नी झालं. मॅचबॉक्स नाव आलं १९५३ मध्ये आणि १९८२ ला कंपनी बुडाली, मग ब्रँड हाँगकाँगच्या युनिव्हर्सलकडे गेला. त्यामुळे लेस्नी इंग्लंड लिहिलेली गाडी साधारण त्याच्या आधीची. चाकं साधी आहेत की वेगानं पळणारी, हे पण बघा. ती पळणारी चाकं म्हणजे सुपरफास्ट, १९६९ पासूनची. हॉट व्हील्सनं मार्केट खाल्लं म्हणून मॅचबॉक्सला चाकं बदलावी लागली.

आणि आपल्याकडचा माल विसरू नका. लिओ मॅटेलनं भारतात हॉट व्हील्स आणि ही-मॅनचे पुतळे बनवले होते, ऐंशीच्या दशकात ज्यांचं लहानपण गेलं त्यांच्या घरी एखादा तरी असेल. फनस्कूल १९८७ ची, एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून काढलेली, त्यांचा कारखाना गोव्यात आणि जी.आय. जो आपल्याला त्यांच्याकडूनच मिळायचे. या भारतीय मालाची गंमत अशी की रंग अमेरिकेतल्या मालापेक्षा वेगळे निघायचे. शर्ट वेगळ्या रंगाचा, बूट वेगळ्या रंगाचे. आपल्याला लहानपणी काय फरक पडत होता, पण परदेशातले कलेक्टर नेमके हेच रंग शोधत असतात. त्यामुळे खाली इंडिया लिहिलंय म्हणून "डुप्लिकेट असेल" असं समजून भंगारात काढू नका, उलट ते अक्षर स्पष्ट दिसेल असा फोटो पहिल्या तिनात ठेवा.

साफ करायचं किती? जवळजवळ नाहीच

ट्रंकेतून काढलेली गाडी बघितली की आपला हात आपोआप ओल्या फडक्याकडे जातो, आवरा. धूळ काढायला चित्रकलेचा मऊ ब्रश, नवा कोरा, तेवढाच वापरा. पाणी लावलं की जुनी स्टिकर सुटतात, ॲक्सल म्हणजे चाकांचा दांडा लोखंडी असतो त्याला गंज चढतो, आणि बंपरवरचं क्रोम तर नुसतं जोरात घासलं तरी निघून खालचं प्लास्टिक उघडं पडतं. नेलपॉलिशनं टवका भरणं, तेल लावून चमकवणं, वाकलेली काच सरळ करायचा प्रयत्न, हे काहीही करू नका. मूळ रंगावर चार टवके असलेली गाडी लोक आनंदानं घेतात. त्याच चार टवक्यांवर कोणीतरी रंग लावला असेल तर तीच गाडी निम्म्या भावात पण नको होते.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरांतून आलेल्या मालात पावसाळ्याचा त्रास असतो. गाडी ज्या पुठ्ठ्यावर येते ते कार्ड वाकतं, बॉक्सच्या आत काळे ठिपके येतात, कसर लागते. फोटो काढायच्या आधी वस्तू दोन दिवस कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, उन्हात अजिबात नको. उन्हानं दोन तासांत कार्डचा रंग उडत नाही पण त्यावर चिकटवलेला जुना ब्लिस्टर, म्हणजे गाडीवरचं पारदर्शक प्लास्टिक, सुटू शकतो.

फोटोची जागा

यासाठी महागडा सेटअप लागत नाही. खिडकीजवळ टेबल, थेट ऊन येत नाही अशी वेळ. आमच्या घरी पूर्वेची खिडकी आहे म्हणून मी दुपारी दोननंतर काढतो, तुमच्या खिडकीप्रमाणे बघा. ऊन येतच असेल तर खिडकीवर पातळ पांढरं सुती कापड लावा, आजोबांचं जुनं धोतर असेल तर त्याच्यासारखं काही नाही, उजेड मऊ होऊन येतो. स्टेशनरीच्या दुकानातून फिकट राखाडी रंगाचं कार्डशीट आणा, भिंतीला टेकवून टेबलावर वळवून सोडा म्हणजे मागे रेघ दिसणार नाही. पांढरं पण चालतं पण पांढऱ्यावर मोबाईल गाडी काळपट काढतो आणि पांढरी गाडी तर गायबच होते, त्यामुळे मी राखाडीच म्हणतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करा, सावलीतली बाजू उजळते.

घरातले ट्यूब आणि बल्ब बंद. खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि ट्यूबचा दुसऱ्या रंगाचा, दोन्ही एकत्र आले की गाडीचा रंग कुठलाच राहत नाही. आणि या धंद्यात रंगावरच सगळं असतं, एकच गाडी निळी असली तर एक भाव आणि गुलाबी असली तर दुसरा, कधी तर नुसत्या शेडवरून भांडणं होतात. म्हणून निदान एका फोटोत गाडीच्या शेजारी साधा पांढरा ए-फोर कागद ठेवा, बघणाऱ्याला कळतं की उजेड किती पिवळा होता. फिल्टर नको, मोबाईलमधलं ते आपोआप सुंदर करणारं सेटिंग बंद करा.

हॉट व्हील्सच्या स्पेक्ट्राफ्लेम रंगाबद्दल वेगळं सांगतो. हा रंग म्हणजे चकचकीत धातूवर पारदर्शक रंगाचा थर, खालचा धातू आतून चमकतो. फ्लॅशमध्ये तो नुसता भगभगीत दिसतो आणि अंधारात साधा मॅट. मऊ उजेडात गाडी थोडी थोडी फिरवत तीन फोटो काढा, एकात तरी ती आतली चमक पकडली जाते. दहा सेकंदांचा व्हिडिओ काढलात तर अजूनच उत्तम.

आता मोबाईल. आधी लेन्स पुसा, शर्टाच्या टोकानं नाही, चष्म्याच्या कापडानं. मग सगळ्यात महत्त्वाचं, गाडीच्या फार जवळ जाऊ नका. जवळ गेलात की बॉनेट फुगलेलं आणि मागचा भाग बारीक असा फोटो येतो, शिवाय बरेच मोबाईल जवळ गेल्यावर गुपचूप दुसऱ्या रुंद लेन्सवर उडी मारतात. एक फूटभर मागे या, दोनपट झूम करा, गाडीवर बोट टेकवून फोकस घ्या, उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा आणि तीन सेकंदांचा टायमर लावून मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवा. हात कितीही स्थिर वाटला तरी १:६४ स्केलच्या (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या) गाडीच्या काचेवरचा ओरखडा हातात धरून नीट येत नाही, मी खूप वेळा बघितलंय.

कुठले कुठले फोटो

पुढचा कोपरा दिसेल असा तिरका एक, तो पहिला लावायचा. मग दोन्ही बाजू सरळ गाडीच्या उंचीवर मोबाईल आणून, पुढून, मागून, वरून. हे झाले साधे. त्यानंतर बेसचा, सगळी अक्षरं वाचता येतील असा, आणि यात वेळ घालवा. बेस चपटा असतो आणि चकाकतो, म्हणून उजेड बाजूनं यायला हवा, खिडकीकडे गाडी हळूहळू कलती करत बघा, एका ठिकाणी अक्षरं एकदम उठून दिसतात, तिथेच थांबा. त्याच फोटोत रिव्हेट पण दिसले पाहिजेत. रिव्हेट म्हणजे बॉडी आणि बेस जोडणारे ते दोन गोल ठिपके. कोणी गाडी उघडून चाकं बदलली असतील किंवा रंग दिला असेल तर रिव्हेट ड्रिल केलेला असतो, मध्ये भोक किंवा स्क्रू किंवा गोंद दिसतो. हॉट व्हील्सच्या सुपर ट्रेझर हंट या कमी निघणाऱ्या खास गाड्यांच्या नावाखाली साध्या गाडीला रबरी टायर लावून विकणारे लोक आहेत, त्यामुळे घेणारा रिव्हेट मागतोच. त्यानं मागायच्या आधी तुम्ही टाकलात तर तो निम्मे प्रश्न विचारतच नाही.

चाकांचा एक फोटो गाडी सपाट काचेवर ठेवून काढा. चारही चाकं टेकतात का, ॲक्सल वाकलाय का, लगेच कळतं. उघडणारी दारं, बॉनेट, डिकी, जे उघडतं ते उघडून आणि बंद करून दोन्ही. शेजारी पट्टी ठेवून एक, विशेषतः वस्तू फार कोणाला माहीत नसेल तेव्हा.

आणि मग खोटांचे फोटो. प्रत्येक टवका, ओरखडा, चीर, गंज, डाग, पिवळेपणा, एकेक वेगळा फोटो, जवळून. पेन्सिलीच्या टोकानं दाखवा, टोक लागू देऊ नका. मी ज्या क्रमानं गाडी फिरवतो त्याच क्रमानं नंबर देतो म्हणजे पुढे माहिती लिहिताना "फोटो ८ बघा" असं म्हणता येतं. जुन्या गाड्यांचा धातू जस्ताचा मिश्रधातू असतो आणि त्यात शिसं वगैरे मिसळलं गेलं असेल तर वर्षानुवर्षांनी आतून भेगा पडायला लागतात, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या खेळण्यांत. केसासारखी भेग दिसली तर ती लपवू नका, ती पुढे वाढणार आहे आणि कधीतरी तुकडा पडणार आहे.

शेवटी एक फोटो चिठ्ठीसोबत. छोट्या कागदावर आजची तारीख आणि तुम्ही जिथे विकताय त्या ग्रुपवरचं तुमचं नाव पेनानं लिहा, वस्तूला टेकवून ठेवा. दुसऱ्याचे फोटो चोरून वस्तू विकायला टाकणारे खूप झालेत, तारखेची चिठ्ठी बघितली की घेणारा निर्धास्त होतो. मात्र क्रोममध्ये किंवा काचेत मागचं दार, घराची पाटी, लेकरं दिसत नाहीत ना हे बघून घ्या.

बॉक्स आणि कार्डवरचा माल

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक बॉक्समधली गाडी विकली, लिहिलं "बॉक्स ओरिजिनल, सगळे फ्लॅप आहेत". फ्लॅप होतेच सगळे. पण एक फ्लॅप कधीतरी फाटून परत चिकटवला होता आणि मी बॉक्स उघडून आतून बघितलाच नव्हता, पुढून मागून दोन फोटो काढून सोडला होता. घेणाऱ्यानं घरी नेऊन युव्ही (अतिनील उजेडाचा) टॉर्च मारला तर गोंदाची रेघ चक्क चमकली. माणूस चांगला होता, शांतपणे फोटो पाठवले आणि विचारलं हे तुम्हाला माहीत होतं का. मला नव्हतं माहीत, पण त्याला ते कसं पटणार? मी पैसे परत केले, दोन्हीकडचं कुरियर माझ्याकडून दिलं, आणि त्या माणसानं पुढे माझ्याकडून कधी काही घेतलं नाही, याचं वाईट मला पैशांपेक्षा जास्त वाटलं.

तेव्हापासून बॉक्सच्या सहाही बाजू, प्रत्येक फ्लॅप आतून बाहेरून, आणि आत डोकावून एक, असे फोटो काढतोच. युव्ही टॉर्च ऑनलाइन स्वस्तात मिळतो, घेऊन ठेवा. आजच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारं रसायन असतं म्हणून तो निळा झगझगतो, साठच्या दशकातला पुठ्ठा सहसा तसा चमकत नाही. नवीन छापलेला नकली बॉक्स, नवा रंग, गोंद यातलं बरंच यात पकडलं जातं. फक्त एवढ्यावरून निकाल देऊ नका, छपाईचे ठिपके आणि पुठ्ठ्याचा मागचा रंग पण बघा. आणि बॉक्स नकली निघाला तरी विकता येतो, "रिप्रो बॉक्स" असं स्पष्ट लिहून, घेणारे असतात.

कार्डवरच्या हॉट व्हील्सचं बघायचं ते ब्लिस्टरमध्ये. समोरून उजेड असेल तर चीर अजिबात दिसत नाही. कार्ड उभं धरा, खिडकी तुमच्या डाव्या हाताला ठेवा आणि कार्ड हळू फिरवा. प्लास्टिकवरून उजेडाची पट्टी सरकत जाते आणि चीर असेल तिथे ती पट्टी तुटते. ती तुटलेली जागा फोटोत घ्या. मग ब्लिस्टर कार्डला जिथे चिकटलाय ती कड चारही बाजूंनी, कारण ब्लिस्टर उघडून आतली गाडी बदलून परत चिकटवतात, तेव्हा कडेला गोंद ओघळलेला किंवा कार्डचा पापुद्रा निघालेला असतो. कार्डचे चार कोपरे, टांगायचं भोक, मागची बाजू. आपल्याकडे बहुतेक छोटं कार्ड येतं, अमेरिकेतलं लांब असतं, तुमचं कुठलं आहे ते लिहा, काही लोक फक्त एकच प्रकार जमवतात.

ट्रेझर हंट १९९५ पासून आहेत, २००७ पासून सुपर वेगळी झाली, स्पेक्ट्राफ्लेम रंग आणि रबरी टायर. अलीकडच्या साध्या ट्रेझर हंटला गाडीवर गोलातल्या ज्वाळेचं छोटं चिन्ह असतं, सुपरला "टीएच" अक्षरं, आणि गाडीच्या मागे कार्डवर पण चिन्ह छापलेलं असतं. ते मागचं चिन्ह ब्लिस्टरमधून तिरकं बघून फोटोत आणा, थोडी खटपट आहे पण त्याशिवाय कोणी पैसे काढत नाही.

जी.आय. जो आणि ही-मॅन

हे हलवून बघायचे असतात पण फार जपून. जी.आय. जोच्या पोटात एक रबरी रिंग असते, ओ-रिंग, तिच्यावर सगळं शरीर ताणलेलं असतं. ती सुकली की कंबर लुळी पडते, एक दिवस तुटते आणि पाय हातात येतात. रिंग बदललेली चालते, सगळेच बदलतात, फक्त लिहा. पाठीमागच्या स्क्रूचा फोटो घ्या, गंज आणि स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे दिसतील असा. कोपराच्या रिव्हेटभोवती चीर, दोन पायांच्या मधला दांडा, आणि अंगठे. अंगठ्यांबद्दल हात जोडून सांगतो, फोटो छान यावा म्हणून जुन्या पुतळ्याच्या हातात बंदूक कोंबू नका. प्लास्टिक कडक झालेलं असतं, कट आवाज येतो आणि तीस वर्षं टिकलेला अंगठा फोटोच्या नादात जातो. बंदूक शेजारी ठेवा. सगळं सामान, पिशवी, हेल्मेट, स्टँड, मागच्या कार्डवरून कापून ठेवलेला माहितीचा कागद, एकाच फोटोत ओळीनं मांडा आणि काय नाहीये तेही लिहा.

ही-मॅन असेल तर तो कशाच्याही आधाराशिवाय उभा असलेला फोटो काढा. त्यांचे पाय आतून सैल होतात, स्वतःच्या पायावर उभा राहणारा पुतळा दिसला की घेणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. छातीवरचं चिलखत काढून खालचा रंग पण दाखवा, पट्ट्याखाली घासलेलं असतं.

माहिती लिहिताना

वरच्या ओळीत तेच लिहा जे माणूस शोधताना टाइप करेल: ब्रँड, नाव, नंबर, रंग, कुठे बनली, लूज (म्हणजे नुसती गाडी) की बॉक्ससह. "अतिदुर्मिळ", "अँटिक", "एकमेव" हे शब्द कोणी शोधत नाही, आणि अनुभवी कलेक्टरला ते वाचून संशयच येतो. दुर्मिळ का आहे हे माहीत असेल तर ते कारण लिहा, माहीत नसेल तर तो शब्द सोडून द्या.

त्या मुलाच्या लोटससाठी आम्ही दोघांनी बसून लिहिलं ते असं होतं:

"मॅचबॉक्स सुपरफास्ट नंबर ५, लोटस युरोपा, गुलाबी, लेस्नी इंग्लंड, बॉक्ससह. दोन्ही दारं उघडतात, डावं दार सैल, बंद केल्यावर केसभर फट राहते (फोटो ६). टपाच्या उजव्या कडेला तिळाएवढे दोन टवके, पुढच्या बंपरवर एक (फोटो ३ आणि ८). काच स्वच्छ, चीर नाही. चारही चाकं फिरतात, मागच्या ॲक्सलवर हलका गंज (फोटो ९). रिव्हेट उघडलेले नाहीत, रंग दिलेला नाही, युव्हीखाली तपासलाय. बॉक्सचा एक आतला फ्लॅप नाही, दुसऱ्यावर पेनानं नाव लिहिलेलं आहे (फोटो १२), पुठ्ठा मऊ पडलाय पण फाटलेला नाही. गाडी आमच्या घरातलीच, काकांची. धुतलेली नाही, फक्त ब्रशनं धूळ काढलीय."

बघा, यात "कंडिशन मस्त" असं कुठेच नाही. तुमचं मस्त आणि माझं मस्त वेगळं असतं. मिंट हा शब्द तर अगदी कारखान्यातून आत्ता निघाल्यासारख्या वस्तूलाच वापरा, कपाटात वीस वर्षं नीट ठेवलेली गाडी मिंट असेलच असं नाही, भिंगातून बघा, कडांवर घासलेलं असतंच. मुलं खेळलेली गाडी असेल तर सरळ "खेळलेली" लिहा. आणि जे तपासलं नाही ते "तपासलेलं नाही" असं लिहा, त्यात कमीपणा नाही. वस्तू कुठून आली ते पण एका ओळीत सांगा, काकांची, पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली, चोर बाजारातून घेतलेली, जे खरं असेल ते.

मराठीत लिहिलंत तरी गाडीचं नाव आणि नंबर बेसवर जसं आहे तसं इंग्रजी अक्षरांत पण एकदा टाका, बाहेरगावचा माणूस तेच शोधणार.

किंमत ठरवताना लोक काय मागतायत ते बघू नका. मागायला कोणी लाख पण मागतं. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर असतो, तो लावून तुमच्यासारखीच वस्तू, तुमच्यासारख्याच अवस्थेत, खरोखर कितीला गेली ते चार-पाच ठिकाणी बघा. कुरियर धरून की वेगळं, हे किमतीच्या शेजारीच लिहा.

विकली गेल्यावर

पैसे यायला तुम्हाला यूपीआय पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. समोरचा "पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा" म्हणाला की तिथेच थांबा आणि ब्लॉक करा, किती घाईत असला तरी.

पॅक करताना बबल रॅप थेट रंगावर लावू नका, बरेच दिवस दाबून राहिला तर रंगावर गोल गोल ठसे उठतात. आधी मऊ टिश्यू पेपर, मग बबल रॅप, मग छोटा खोका, मग मोठा खोका आणि मधल्या जागेत चुरगळलेला कागद गच्च. खोका कानाजवळ धरून हलवा, काही आवाज आला तर परत उघडा. गाडी आणि तिचा जुना बॉक्स वेगवेगळे पॅक करा, प्रवासात गाडी आतून हलली की जुने फ्लॅप तीच फाडते. कार्डवरचा माल असेल तर दोन्ही बाजूंना पुठ्ठा, आणि चिकटपट्टी कार्डला कुठेच लागता कामा नये. पॅकिंगचा न थांबवता एक व्हिडिओ काढा ज्यात वस्तू, टवके आणि शेवटी पत्त्याची चिठ्ठी दिसते, आणि घेणाऱ्याला पण उघडतानाचा व्हिडिओ काढायला आधीच सांगून ठेवा.

लोटस गेली सोलापूरला. घेणाऱ्यानं एकच प्रश्न विचारला, डावं दार जोरानं दाबलं तर पूर्ण बंद होतं का? आम्ही म्हटलं दाबून बघितलेलं नाही आणि बघणार पण नाही. तो म्हणाला बरं केलंत, पाठवून द्या.